कागद काय म्हणतो?

आता भिवंडीत पूर्वीसारखी लाइट जात नाही. कधी दुपारची गेलीच, तर मागच्या भिंतीपलीकडचे लूम एकदम गप्प होतात आणि माझे पाय आपोआप जिन्याकडे वळतात. दोन-चार पायऱ्या चढल्यावर ध्यानात येतं, वर आता भाऊसाहेब नाहीत. मग कठड्याला धरून उगाच उभा राहतो. सूनबाईने विचारलं तर सांगतो, गुडघा बघत होतो, चढतो का.

भाऊसाहेब म्हणजे कर्णिक. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, म्हणून सगळे भाऊसाहेब म्हणायचे. रिटायर झाल्यावर माझ्या बिल्डिंगीत वरची खोली भाड्याने घ्यायला आले. बायको आधीच वारलेली. एकच मुलगी, अनघा, ती नाशकात दिलेली. मी मूळचा शेजारच्या राहनाळ गावचा. आमच्या शेतात गोडाऊनं उभी राहिली, तेव्हा मी शहरात ही बिल्डिंग बांधली. शाळा म्हणाल तर चौथीत सोडली. पण अंगठा कधी कुठे उठवला नाही, सही करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या सहीचं काम आहे.

भाड्याचा करार झाला तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले.

मी म्हटलं, "मना कशाला वाचून दाखवताय? मी मालक हाय."

"म्हणूनच," ते म्हणाले. "तुमचा कागद आहे. तो काय म्हणतो ते तुम्हाला नको कळायला?"

त्यात टायपिंगवाल्याने आपल्या मनाने एक ओळ टाकली होती, भाडेकरूने जनावर पाळू नये. चार महिन्यांनी भाऊसाहेब सकाळी सकाळी खाली आले. चेहरा पडलेला.

"पाटील, एक मांजर आहे."

"मंग?"

"पाळलेलं नाही. आलेलं आहे. पण काल मी त्याला दूध दिलं. आता ते पाळणं होतं की नाही, ते तुम्ही ठरवा."

माझी बायको गंगू ओट्यावर मासळी साफ करत होती. ती म्हणाली, "भाऊसाहेब, माझ्याकडं हा माणूस हाय, त्यालाबी मी पाळलेलं न्हाय. आलेला हाय. ठेवा मांजर."

भाऊसाहेब हसले, पण मी तोंडाने "ठेवा" म्हणेपर्यंत वर गेले नाहीत.

असा माणूस. कुकरबरोबर आलेलं पुस्तक कुकरच्या वरच खिळ्याला टांगलेलं, आणि रोज भात लावायच्या आधी त्यावर नजर टाकणार. औषधाच्या बाटलीतली ती मुंगीच्या अक्षरातली घडी उलगडून पूर्ण वाचल्याशिवाय गोळी गिळणार नाहीत. मी कधी काही सांगायला गेलो, की पंप असा बसवा, दाराला कडी अशी लावा, तर एकच प्रश्न. "कागद काय म्हणतो?" मला राग यायचा. मी आयुष्यात कागद न बघता विहीर खणली, घर बांधलं, पोरांची लग्नं लावली. कागद काय म्हणणार?

विमानाचं खूळ माझ्यामुळेच लागलं. काल्हेरला माझं एक गोडाऊन खेळणीवाल्याने घेतलं होतं. पावसात पत्रा गळला आणि त्याचे काही खोके भिजले. त्यातला एक त्याने मला दिला, म्हणाला नातवाला न्या. नातवाने उघडला, बघितलं की आत विमान नाही, नुसते प्लास्टिकचे तुकडे आहेत, आणि ढकलून दिला. खरंच, एका चौकटीला कैऱ्या लटकाव्यात तसे तुकडे लटकलेले, प्रत्येकापाशी नंबर. मी तो खोका कचऱ्यात टाकायला निघालो होतो. भाऊसाहेब जिन्यात भेटले. त्यांना तुकडे दिसलेच नाहीत. त्यांना आतला घडीचा कागद दिसला.

तिथेच पायरीवर बसून त्यांनी तो उलगडला. एकेक चौकट, चौकटीत चित्र, चित्रात बाण. हा तुकडा इथे, मग तो तिथे. खाली थोडं इंग्रजी, थोडं चिनी का जपानी. बराच वेळ वाचत बसले आणि मग मला म्हणाले, "पाटील, मी आयुष्यभर कागद हाताळले. एका कागदातून दुसरा निघायचा, दुसऱ्यातून तिसरा. शेवटाला काय उभं राहिलं ते कधी दिसलं नाही. हा बघा. ह्याला सुरुवात आहे, आणि शेवटी विमान आहे."

त्यांनी तो खोका वर नेला, आणि मी मागोमाग गेलो. कशाला गेलो माहीत नाही. बहुतेक, चुकणार कुठे ते बघायला.

त्यांची पद्धत अशी. आधी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, पोथी वाचतात तसा. वाचून होईस्तोवर तुकड्यांना हात नाही. मग नखं कापायच्या कटरने एक तुकडा सोडवायचा, कडा घासायची, आणि गोंद न लावता नुसता लावून बघायचा. बसतो का? बसला, की थांबायचं. इथे आमचं काम अडायचं, कारण आमच्या भिंतीला लागून सलीमभाईंचा लूमचा कारखाना. लूम चालू असले की पाण्याच्या ग्लासातसुद्धा लहरी उठायच्या. टेबल सारखं थरथरणार. गोंद ओला असताना जोड हलला, की पंख वाकडा. भाऊसाहेबांनी टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, गोणपाट घातलं. काही उपयोग झाला नाही.

मग ते वाट बघायला लागले लोडशेडिंगची. त्या वर्षांत भिवंडीत लाइट रोज तासन्‌तास जायची. सगळं गाव वीजवाल्यांच्या नावाने शिव्या घालायचं. भाऊसाहेब मात्र दुपारी आंघोळ केल्यासारखे ताजे होऊन, चष्मा पुसून, गोंदाची बाटली समोर ठेवून बसलेले. खट्टकन लूम थांबले की सगळीकडे अशी शांतता पसरायची, की कान दुखावेत. त्या शांततेत ते ब्रशाने गोंद लावायचे. सलीमभाई घाम पुसत खिडकीखाली येऊन ओरडायचे, "लो कर्णिक साब, गयी लाइट! आपकी ईद, हमारा मातम!"

वरून उत्तर, "सलीमभाई, बस पंख लग जाने दो, फिर आने दो!"

आता माझ्या सहीचं. कचेरीत म्हणे एकट्याच्या हाताने कागद पुढे जात नाही. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. तसं इथेही. लावून बघितलेला तुकडा ते माझ्यापुढे ठेवायचे, शेजारी कागद.

"पाटील, तपासा."

"मना वाचता कुठं येतंय ते?"

"चित्र बघता येतं ना? चित्रासारखं आहे का सांगा. असेल तर 'बरोबर' म्हणा आणि चित्राखाली सही करा. नसेल तर हरकत घ्या."

मी म्हणायचो, घरचंच काम, कोण विचारणार हाय? ते ऐकायचे नाहीत. माझा "बरोबर" आल्याशिवाय गोंदाची बाटली उघडायचीच नाही. आणि मग मीही हट्टाचा. तपासायचं म्हणतोस ना, मग तपासतो. मी चित्र उलटं धरून, सुलटं धरून बघायचो. मला कोणी कधी काही तपासायला दिलं नव्हतं. सगळे तयार कागदावर म्हणायचे, पाटील, इथे सही करा. हा माणूस म्हणायचा, आधी बघा.

एकदा, पुढे आणलेल्या एका विमानाच्या कागदात निघालं, नाकात वजन घाला, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. वजन खोक्यात नव्हतं. मी म्हटलं, थांबा. घरात आमच्या बापाचं जुनं जाळं होतं, त्याला शिसं लावलेलं असतं खाली बुडायला. त्यातलं काढून आणलं आणि हातात तोलून म्हटलं, "हे पुरं."

"कागदात ग्रॅम दिलेत."

"भाऊसाहेब, जन्म गेला माझा शिसं हाताळण्यात. हात सांगतोय."

त्यांनी रुमालाच्या पुरचुंडीत शिसं बांधलं आणि सोनाराकडे जाऊन काट्यावर टाकून आले. जवळजवळ दुप्पट होतं. त्यांनी कानसीने घासून घासून बरोबर केलं. मी म्हटलं, काटा खोटा असेल. ते म्हणाले, "असू शकेल. नोंद करतो." आजही माझं म्हणणं तेच आहे.

दुसऱ्या एका विमानात वैमानिक होता, गव्हाच्या दाण्याएवढा. पुढची चौकट होती काच बसवायची, आणि वैमानिक गायब. मी म्हटलं, डायवर नसला तर काय, काचेतून दिसतंय कुणाला? भाऊसाहेब म्हणाले, "कागद म्हणतो आधी तो, मग काच." मग काय, दोन म्हातारे फरशीवर गुडघ्यांवर. खिडकीतून आलेली कापसाची तूस कोपऱ्याकोपऱ्यात साठलेली, ती बोटांनी विंचरतोय. तेवढ्यात गंगू बोंबलाचं कालवण घेऊन वर आली, आम्हाला तसं बघून खाली गेली, आणि थोड्या वेळाने परत आली. पदर पुढे केला.

"हा घ्या तुमचा डायवर. माझ्या पदराला लागून बाजारात चालला होता."

भाऊसाहेबांनी त्याला चिमट्याने उचललं, फुंकर मारली, आणि गंगूला हात जोडले. तो नमस्कार चेष्टेचा नव्हता.

अशी वर्षं गेली. त्यांच्या फळीवर विमानं वाढत गेली. सगळ्यांच्या रंगात बारीक तूस अडकलेली. कितीही ओला पंचा खिडकीला बांधला तरी ती यायचीच. ते म्हणायचे, "भिवंडीत तयार झालेलं विमान आहे, त्याला लव असणारच." तीच तूस त्यांच्या छातीतही जात होती. खोकला सुरू झाला. आधी सकाळचा, मग कधीही. डॉक्टरने फोटो काढला आणि सांगितलं, लूमची हवा सोडा, इथे राहिलात तर छाती दम धरणार नाही.

अनघा नाशकाहून आली. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, बाबांना न्यायचंय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

मी म्हटलं, "माझं कोण ऐकतंय? कागदाला विचार."

भाऊसाहेबांनी तेव्हा शेवटचं विमान हातात घेतलेलं. पाण्यावर उतरणारं. चाकांऐवजी खाली दोन होड्या. अनघानेच पाठवलेलं. ते तिला म्हणाले, "हे पुरं झालं की येतो. अर्धवट हलवता येत नाही. कागदावर स्पष्ट आहे, जोड पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये."

"नक्की, बाबा?"

"पुरं झालं की दुसऱ्या दिवशी. पाटलांसमोर सांगतो."

ती डोळे पुसत गेली. आम्ही कामाला लागलो. पंख झाले, शेपटी झाली, आणि होड्यांची चौकट आली. भाऊसाहेबांनी होड्या लावून माझ्यापुढे ठेवल्या.

"तपासा."

होड्या सरळ होत्या. मी खाडीकाठचा माणूस. होडी कशी बघायची ते मला कुणी शिकवायला नको. तरी मी डोळा बारीक केला आणि म्हटलं, "हरकत हाय. डावी होडी कलली."

भाऊसाहेबांनी विमान आरशावर ठेवलं. दोरा धरून बघितलं. पट्टी लावली. पट्टी लावलेली मला दिसत होती, आणि ती काय सांगत होती तेही दिसत होतं. ते बराच वेळ पट्टीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "हरकत रास्त आहे, पाटील." आणि त्यांनी होड्या सोडवल्या.

सोनाराच्या काट्यापुढे ज्याने माझा हात चालू दिला नाही, त्या माणसाने हे केलं. मी खाली आलो तेव्हा गंगूने विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, गोंदाचा वास.

पुढच्या खेपेलाही मी हरकत घेतली. त्यांनी ती मान्य केली. गणपती गेले, नवरात्र आलं. अनघाचे फोन यायचे, तर ते सांगायचे, तपासणीत अडकलंय. खोटं नव्हतं ते. अडकलंच होतं, मी अडकवलं होतं. माझं विमान होतं का? नाही. पण माणूस माझ्या बिल्डिंगीतला होता.

शेवटी होड्यांत हरकत घ्यायला काही उरलं नाही. त्या बसल्या. नाकावरचा पंखा बसला. पाण्यात भिजवून विमानाच्या अंगावर चिकटवायची ती चित्रं लागली. विमान टेबलावर उभं राहिलं, असं देखणं, की खाडीत सोडावं. मी म्हटलं, "झालं का मंग?"

भाऊसाहेबांनी कागद उचलला, चष्मा सावरला आणि वाचलं, "यानंतर विमान आठ दिवस सावलीत, न हलवता ठेवावे."

मी खाली आलो. आठ दिवस गेले. मी परत वर गेलो. त्यांनी परत कागद घेतला. बोट खाली सरकवत सरकवत आणलं आणि वाचायला लागले, "त्यानंतर सर्व जोड पुन्हा एकवार..."

मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. बोट शेवटच्या चित्राच्या खाली होतं. तिथे काही नव्हतं. मला इंग्रजी येत नाही, जपानी येत नाही, पण छापलेला कागद आणि कोरा कागद मला कळतो. ते कोऱ्यावरून वाचत होते. एका एका शब्दावर थांबून, नीट, खरंच लिहिलेलं असावं तसं. आणि वाचता वाचता त्यांना खोकला आला. तो थांबेना. त्यांनी एका हाताने तोंड दाबलं, आणि दुसरा हात पुढे करून विमानावर धरला, झाकल्यासारखा, धक्का लागू नये म्हणून. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. ओठ निळे पडले. मी पाठ चोळत राहिलो. सदऱ्याखाली हाडं लागत होती. मागे लूम चालू होते. खिडकीत बांधलेला पंचा तुसेने पांढरा झाला होता.

श्वास परत आल्यावर त्यांनी पुन्हा कागद उचलला. "कुठे होतो आपण?"

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

"कागद संपला, भाऊसाहेब."

"संपला?"

"संपला. इथं खाली काय न्हाय."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

त्यांनी मग खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "मग तुमचं काय म्हणणं आहे, तपासनीस?"

मला ते म्हणायला लागलं. मी आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. जमिनी देताना केल्या, तेव्हा हात हलला नाही.

"बरोबर हाय," मी म्हटलं, आणि शेवटच्या चित्राखाली सही केली. वाकडी आली.

त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "चालेल."

त्यांनी तिथेच अनघाला फोन लावला. बोलताना पाठ माझ्याकडे केली होती.

ती गाडी घेऊन आली. फळीवरची विमानं कापसात गुंडाळून मागच्या डिकीत गेली. पाण्यावरचं विमान मात्र भाऊसाहेबांनी मांडीवरच घेतलं. खोक्यात मावत नाही म्हणाले. गंगूने सुक्या बोंबलांचा पुडा अनघाजवळ दिला. मांजराचं विचारलं, तर म्हणाले, "ते आलेलं आहे, पाटील. तुमच्याकडेही येईल." मला म्हणाले, येत जा नाशकाला. मी म्हटलं, येतो. एकदा गेलोही. पण तिथे नवं विमान नव्हतं, आणि मला पुन्हा जाण्यासारखा दिवस आला नाही. दोन वर्षांनी अनघाचा फोन आला तेव्हा त्यांना स्मशानात नेऊनही झालं होतं. म्हणाली, शेवटी शेवटी श्वास बरा होता. त्यासाठीच तर पाठवलं होतं.

पण मला ते नाशकातले आठवत नाहीत. मला आठवते ती गाडी. आमच्या गल्लीतून ती निघाली, आणि पुढे रस्ता उखडलेला, खड्डाच खड्डा, त्यात पाणी. मागे मालाचे ट्रक लागलेले, भोंगे वाजवतायत. अनघा जीव मुठीत धरून एकेक चाक खड्ड्यात उतरवत होती. मी दारात उभा होतो. मागच्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसलं नाही, फक्त दोन्ही हात दिसले. धक्का बसू नये म्हणून विमान त्यांनी मांडीवरून उचलून वर धरलं होतं, पार गाडीच्या छताला टेकेल एवढं वर. आमची माणसं ओहोटीला खाडी उतरून जाताना कपडे डोक्यावर धरतात ना, तसं. गाडी खाली-वर होत होती आणि ते दोन हात स्थिर होते. वळणापर्यंत.